कॅम्पर ट्रकची सबफ्रेम कोल्हापुरात नव्याने बांधून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गाडीची सबफ्रेम दोनदा बांधावी लागली, कारण पहिल्यांदा बांधलेली दोन पावसाळेही टिकली नाही. तेव्हापासून आपापल्या गाड्यांचे काम काढणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. एका उत्तरातील गोष्ट दुसरीकडे लागते तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'कॅम्पर' म्हटले की कोल्हापुरात डबल केबिनची पिकअप डोळ्यांसमोर येते. आपण कोणत्या गाडीबद्दल बोलत आहात?

बोलेरो कॅम्परमुळे हा घोळ होतो, आणि तो वर्कशॉपच्या दारातच मिटवलेला बरा. येथे कॅम्पर ट्रक म्हणजे ज्या गाडीच्या चेसीवर हौद्याऐवजी झोपण्या-राहण्याची बंद खोली बसवलेली आहे ती गाडी; मग चेसी टाटा ४०७ ची असो, आयशरची असो किंवा पिकअपची. वर्कशॉपमध्ये "राहायच्या खोलीची गाडी" असे सरळ सांगावे.

२. सबफ्रेम म्हणजे नक्की काय? खोली थेट चेसीवर बोल्टने आवळली तर काय बिघडते?

ट्रकची चेसी शिडीसारखी असते: दोन लांब चॅनेल (इंग्रजी C आकाराचे पोलादी दांडे) आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. ही शिडी उभ्या भाराला ताठ असली तरी पिळाला मऊ असते, आणि ती तशी मुद्दाम ठेवलेली असते. डावे पुढचे चाक खड्ड्यात आणि डावे मागचे चाक उंचवट्यावर गेले की चेसी किंचित पिळते आणि चारही चाके जमिनीला टेकून राहतात. खोली मात्र सहा बाजूंनी बंद पेटी असते आणि तिला पिळता येत नाही. अशा दोन वस्तू जागोजागी घट्ट आवळल्या की गाडी खडबडीत रस्त्यावर येताच त्यांची ओढाताण सुरू होते. मग बोल्ट तुटतो, चॅनेलला तडा जातो किंवा खोलीचा कोपरा उकलतो. या दोघींच्या मध्ये बसणारी पोलादी चौकट म्हणजे सबफ्रेम. खोलीचे वजन चेसीवर पसरवणे हे तिचे पहिले काम, आणि चेसीला कोठे हलू द्यायचे व कोठे नाही हे ठरवणे हे दुसरे. दुसरे काम बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि मोडलेल्या चौकटी बहुतेक वेळा तेथेच चुकलेल्या असतात.

३. सबफ्रेम खराब झाली आहे, हे गाडी खोलण्याआधी ओळखता येते का?

येते, आणि त्यासाठी खोलीचे दार पुरते. गाडी सपाट जागी उभी करून दार सहज उघडते की नाही ते पाहावे. नंतर एक मागचे चाक वीतभर उंच, रुंद आणि न सरकणाऱ्या लाकडी ठोकळ्यावर चढवून हँडब्रेक लावावा, बाकीच्या चाकांना अडण्या द्याव्यात आणि तेच दार पुन्हा उघडावे. आता ते चौकटीत अडकत असेल, कडी जुळत नसेल किंवा वरच्या कोपऱ्यात फट दिसत असेल, तर चेसीचा पीळ खोलीपर्यंत पोहोचतो आहे. शिवाय बोल्टभोवती साचलेली लालसर भुकटी, रंग उडून चकाकणारे घासलेले लोखंड आणि खोलीच्या खालच्या कोपऱ्यात पुन्हा पुन्हा सुटणारे सिलिकॉन ही तीन चिन्हे पाहावीत. लाल भुकटी म्हणजे तेथे दोन तुकडे एकमेकांवर सरकत आहेत. नुसत्या पावसाच्या गंजाचा पापुद्रा निघतो, भुकटी होत नाही.

४. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. तो कसा शोधावा?

तीन डब्यांचा डाय-पेनेट्रंट संच मिळतो: साफ करण्याचा, लाल रंगाचा आणि पांढऱ्या डेव्हलपरचा. रंग खरवडून उघड्या धातूवर लाल द्रव मारायचा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबून पुसायचा आणि वर पांढरा थर द्यायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. कोल्हापूर हे फाउंड्रीचे गाव असल्याने ही तपासणी रोज करणारी माणसे येथे शोधावी लागत नाहीत. जुने मिस्त्री हेच काम पातळ तेल आणि खडूच्या भुकटीने करतात आणि तेही चालते: तडा तेल धरून ठेवतो आणि खडूवर ओली रेघ आणतो. वेल्डची कड, चौकटीचे कोपरे, कंसपट्टीची (कोपऱ्यातील आधाराच्या पट्टीची) टोके आणि बोल्टची भोके येथे आधी पाहावे. तडे चॅनेलच्या मोकळ्या मध्यभागी क्वचितच सुरू होतात.

५. तडा गेला आहे तेथे जाड पट्टी वेल्ड करून घेतली तर नवीन चौकटीचा खर्च वाचणार नाही का?

"काय हुतंय मालक, पट्टी मारू की!" हे वाक्य आम्हीही ऐकले आणि मान डोलावली. पट्टी बसली, तडा दिसेनासा झाला, आणि चार महिन्यांनी पट्टी जेथे संपत होती तेथून बोटभर अंतरावर नवीन तडा निघाला. मग त्या वर्कशॉपने संपूर्ण चौकट ६ मिलिमीटर जाडीच्या बंद पाइपात बांधून बारा ठिकाणी घट्ट आवळून दिली. करूळ घाट उतरताना खोलीचे दार बाहेरून उघडेना, आणि घरी येऊन पाहिले तर या वेळी चौकट शाबूत होती, तडा चेसीला गेला होता. चौकट मोडायची थांबली म्हणून मोडणे थांबले नव्हते, ते एक मजला खाली उतरले होते.

जाड पट्टीने ती जागा ताठ होते आणि वाकण्याचा सगळा ताण पट्टीच्या टोकाशी गोळा होतो. म्हणून तडा दिसला की पहिला प्रश्न "किती जाड करू" हा नसून "येथे कोण कोणाला अडवत होते" हा असावा. त्याचे उत्तर सापडल्यावर एखादाच तडा खरोखर दुरुस्त करायचा असेल, तर त्याच्या टोकाशी बारीक भोक पाडून तो थांबवावा, पूर्ण लांबीत खोबणी करून भरावा, आणि वर पट्टी द्यायचीच झाली तर तिची टोके तिरकी कापलेली असावीत. चौकटीला तीनहून अधिक ठिकाणी तडे असतील, किंवा पाइप आतून गंजला असेल, तर दुरुस्तीत पैसे घालू नयेत.

६. खोली चेसीवर बसवण्याच्या कोणत्या पद्धती आहेत, आणि कोणती निवडावी?

मुख्य पद्धती तीन आहेत. पहिली ताठ बसवणी: सबफ्रेम चेसीच्या दोन्ही चॅनेलवर पूर्ण लांबीत टेकते आणि प्लेट किंवा यू-बोल्टने सर्वत्र आवळली जाते. ती स्वस्त आणि हलकी असते, आणि लहान खोली, छोटी चेसी व डांबरी रस्ते एवढाच व्यवहार असेल तर पुरते.

दुसरी स्प्रिंगची बसवणी. येथेही सबफ्रेम पूर्ण लांबीत चेसीवर टेकलेली असते, पण फक्त मागच्या भागात पक्क्या प्लेटने जखडलेली असते. पुढच्या भागातील बोल्टवर दाबाच्या स्प्रिंग असतात. चेसी पिळली की पुढे एका बाजूला सबफ्रेम चॅनेलपासून थोडी उचलली जाते आणि रस्ता सरळ झाला की परत बसते. आडव्या सरकण्याला आळा घालण्यासाठी चॅनेलच्या बाहेरून उभ्या मार्गदर्शक प्लेट लागतात. त्या विसरल्या तर खोली वळणावर बाजूला सरकते. आमच्या गाडीची दुसरी चौकट अशी आहे. रस्त्यावर आणि घाटात सपाट टेकून चालणारी, कच्च्या वाटेवर मोकळी होणारी आणि कोणत्याही चांगल्या फॅब्रिकेटरला समजावून सांगता येणारी ही पद्धत बहुतेकांनी निवडावी, असे माझे मत आहे.

तिसरी तीन किंवा चार बिंदूंची पिव्होट बसवणी. तीन बिंदूंत एका टोकाला दोन पक्के आधार आणि दुसऱ्या टोकाला गाडीच्या मध्यरेषेवर एक फिरता पिव्होट असतो; चार बिंदूंत पुढे आणि मागे मध्यावर एकेक पिव्होट आणि दोन्ही बाजूंना एकेक फिरता आधार, म्हणजे पतंगासारखी आकृती तयार होते. पीळ खोलीपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही, पण सगळे वजन तीन-चार जागी एकवटते. त्यामुळे सबफ्रेम स्वतःच्या बळावर ताठ असावी लागते, वजन वाढते, उंची वाढते आणि पिव्होटखालचे क्रॉस मेंबर मजबूत करावे लागतात. पिन आणि बुश (पिन जिच्यात फिरते ती नळी) लेथवर नेमक्या मापात करून घ्याव्या लागतात. कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक भागात ते कठीण नाही, परंतु ज्याला दूरच्या कच्च्या वाटांवर जायचेच नाही त्याने या पद्धतीचा मोह धरू नये.

७. हे काम कोल्हापुरात कोणाकडे द्यावे? ऊसाच्या ट्रॉल्या बांधणारे करतील का?

शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या पट्ट्यात फॅब्रिकेशन, टर्निंग आणि बेंडिंग सगळे मिळते, त्यामुळे हात शोधण्यापेक्षा समजावून सांगणे हेच खरे काम आहे. ट्रॉली बांधणाऱ्यांचे वेल्डिंग बहुधा उत्तम असते, पण त्यांची सवय ट्रॉलीची असते. ट्रॉलीला छप्पर, काच किंवा दार नसते. ती पिळली तरी ऊस तक्रार करत नाही. म्हणून "भक्कम करून देतो" या शब्दावर समाधान न मानता, चेसी पिळते तेव्हा खोलीचे काय होईल असा प्रश्न विचारावा. जो माणूस उत्तर देण्याआधी गाडीखाली वाकून पाहतो, त्याच्याकडे काम द्यावे.

आणखी एक गोष्ट. फॅब्रिकेशनचा दर अनेकदा किलोवर ठरतो, आणि किलोच्या दरात हलकी चौकट करण्यात वर्कशॉपचा काहीच फायदा नसतो. या कामाला रेखाटनावरून ठोक रक्कम ठरवावी.

८. वर्कशॉपला काय लिहून द्यावे?

एका कागदावर हाताने काढलेले रेखाटन पुरते, मात्र त्यावर पुढील गोष्टी हव्यात: चेसीच्या चॅनेलची बाहेरून बाहेर रुंदी पुढे आणि मागे वेगवेगळी, कारण काही चेसी मागे निमुळत्या होतात, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) कंस आणि डिझेल टाकी कोठे येते, खोलीच्या तळाचे भार कोठे पडतात, विशेषतः पाण्याची टाकी व बॅटऱ्या, कोणते आधार पक्के आणि कोणते सुटे, आणि पोलादाची प्रत व जाडी (प्रश्न ९). कंपनीचे बॉडी बांधणाऱ्यांसाठीचे मार्गदर्शन मिळाले तर ते सोबत जोडावे, कारण चेसीला कोठे भोक पाडता येते हे त्यातच लिहिलेले असते.

९. पोलाद कोणते आणि किती जाड घ्यावे?

साधारण कामाला आयएस २०६२ मधील ई२५० प्रतीचे पोलाद चालते; वजन वाचवायचे असेल तर ई३५० घेऊन जाडी थोडी कमी करता येते. जाडीपेक्षा चॅनेलची उंची जास्त काम करते. याचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा: १०० बाय ५० चा ४ मिलिमीटर जाडीचा आयताकृती पाइप मीटरला सुमारे पावणेनऊ किलो भरतो आणि तोच ६ मिलिमीटरचा सुमारे तेरा किलो. सव्वाचार मीटरचे दोन लांब तुकडे आणि पाच आडवे धरले तर साधारण १६ मीटर पाइप लागतो. म्हणजे दोन मिलिमीटरच्या हौसेपायी जवळजवळ ६५ ते ७० किलो जास्त, एक प्रवासी किंवा ६५ लिटर पाणी कमी.

स्प्रिंगच्या बसवणीत लांब तुकड्यांसाठी उघडा चॅनेल बरा, कारण बंद पाइप पिळाला फार ताठ असतो. पिव्होट बसवणीत उलट, बंद पाइपच हवा. सबफ्रेमचे पुढचे टोक सरळ कापून सोडू नये, ते खालून तिरके निमुळते करावे. चेसीचे तडे बहुधा त्या सरळ टोकाखाली सुरू होतात.

१०. चेसीला वेल्डिंग करावे का? भोक पाडले तर चालते का?

कंपनीच्या मार्गदर्शनात परवानगी नसेल तर चेसीच्या चॅनेलला वेल्डिंग करू नये. वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीला तर वेल्ड नको आणि भोकही नको, कारण वाकण्याचा सर्वाधिक ताण तेथे असतो. प्लेट बसवायच्या तर चॅनेलच्या उभ्या भिंतीत, शक्यतो कंपनीने आधीच पाडलेल्या भोकांतून, ८.८ वर्गाच्या बोल्टने बसवाव्यात. नवीन भोक ड्रिलने पाडावे; गॅस कटरने पाडलेले भोक काम रद्द करण्यास पुरेसे कारण आहे.

११. यू-बोल्ट वापरू नयेत असे काही जण सांगतात. खरे काय?

यू-बोल्ट फक्त घर्षणाने धरतो, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या भरवशावर खोली सोडू नये. ब्रेकच्या वेळी पुढे सरकू न देणारी एक तरी पक्की प्लेटची जोडी हवीच. यू-बोल्ट आवळताना चॅनेलच्या ओठांमध्ये (वरच्या आणि खालच्या आडव्या पट्ट्यांमध्ये) ठोकळा घालावा, नाहीतर ओठ आत दबतात आणि आवळलेला बोल्ट आपोआप ढिला होतो. चेसी आणि सबफ्रेम यांच्या मध्ये लाकडाची फळी घालण्याची जुनी ट्रक बॉडीची पद्धत कोरड्या भागात ठीक आहे. आपल्याकडे फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि प्रत्येक ऋतूत नट फिरवावे लागतात. कडक रबराची किंवा जाड प्लॅस्टिकची पट्टी जास्त विश्वासाची.

१२. गाडीवर असतानाच वेल्डिंग केले तर इलेक्ट्रॉनिक वस्तूंना धोका आहे का?

आहे. गाडीच्या बॅटरीची ऋण तार काढावी आणि गाडीच्या संगणकाचे कनेक्टर सोडवावेत. खोलीत सोलर असेल तर आधी पॅनेलची तार सोडवावी, मग बॅटरीची. वेल्डिंग मशीनचा अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी शेजारी लावावा. तो पाट्यावर किंवा चाकाजवळ लावला तर विद्युतप्रवाह बेअरिंगमधून जातो. गॅस सिलिंडर उतरवून ठेवावा. खोलीच्या भिंतीत फोम भरलेला असेल तर खोली उतरवल्याशिवाय तिच्या तळाजवळ ठिणगी पडू देऊ नये. फोम आतल्या आत धुमसतो आणि धूर दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

१३. गंजापासून वाचवण्यासाठी काय करावे? जस्ताचा थर द्यावा का?

गगनबावड्याचा पाऊस आणि कोकणातली खारी हवा एकाच सहलीत भेटते, म्हणून या खर्चात हात आखडू नये. गरम जस्तात बुडवण्याचा थर सर्वांत टिकाऊ, पण वितळलेल्या जस्ताचे तापमान सुमारे ४५० अंश सेल्सियस असते आणि पातळ, लांब चौकट त्यात वाकू शकते. बंद पाइपांना हवा व जस्त आत-बाहेर जाण्याची भोके आधीच पाडावी लागतात. बंद पोकळीत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन पाइप फुटू शकतो. सगळे वेल्ड आणि भोके आधी, जस्त नंतर, हा क्रम पाळावा. जस्तावर पुन्हा वेल्डिंग केल्यास विषारी धूर होतो आणि थरही जळतो.

जस्त नको असेल तर वाळूच्या माऱ्याने साफ करून जस्तयुक्त प्रायमर, त्यावर इपॉक्सी आणि शेवटचा रंग असे तीन थर द्यावेत. पाइपांच्या तळाला पाणी निथळण्याची भोके ठेवावीत. जळके इंजिन ऑइल फासण्याचा सल्ला कोणीतरी देतोच. ते रबराचे बुश खाते.

१४. वजन कोठे आणि कसे करावे?

काम सुरू होण्याआधी आणि झाल्यावर, दोन्ही वेळा. ऊसपट्ट्यात वजनकाट्यांना तोटा नाही, आणि काटामारीची चर्चा ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना दोन वेगळ्या काट्यांवर खात्री करण्याचे कारणही सांगावे लागत नाही. आधी फक्त पुढची चाके, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके असे तीन आकडे घ्यावेत. पाणी, डिझेल आणि नेहमीचे सामान भरलेले असावे. एकूण आकडा नोंदणी प्रमाणपत्रावरील मर्यादेत असूनही मागच्या एका आसावर जास्त भार असू शकतो.

१५. आरटीओ आणि विमा यांचे काय?

आहे त्याच मापाची, त्याच जागी नवीन चौकट ही दुरुस्ती होय. मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहायच्या खोलीच्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे मानक आहे. खोलीची लांबी, उंची किंवा रिकाम्या गाडीचे वजन बदलणार असेल तर एमएच-०९ च्या कार्यालयात काम सुरू होण्याआधी जावे. मागचा लोंबता भाग पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतराच्या ६० टक्क्यांहून जास्त चालत नाही. विमा कंपनीला लेखी कळवावे. जीएसटीचे बिल आणि कामाचे फोटो जपून ठेवावेत.

१६. काम केव्हा काढावे?

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होण्याआधी ट्रॉल्या दुरुस्तीला रांगेत असतात, आणि खंडेनवमी-दसऱ्याला यंत्रे पूजेला बसतात. फेब्रुवारी ते एप्रिल बरे. रंगही नीट वाळतो.

१७. गाडी ताब्यात घेताना काय तपासावे?

खोली वर चढवण्याआधी नुसती चौकट पाहायला जावे. चढल्यावर काहीच दिसत नाही. दोन्ही कर्ण टेपने मोजावेत, ते ३ मिलिमीटरच्या आत जुळावेत. टोकापासून टोकापर्यंत सूत ताणून लांब तुकडे सरळ आहेत का ते पाहावे. खोली बसल्यावर प्रश्न ३ मधील दाराची परीक्षा पुन्हा घ्यावी आणि स्प्रिंगच्या जागी सबफ्रेम खरोखर उचलली जाते का ते कोणाला तरी वाकून पाहायला सांगावे. प्रत्येक नटवर रंगाची आडवी रेघ ओढून घ्यावी: नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. पहिल्या १०० आणि नंतर ५०० किलोमीटरला नट पुन्हा आवळावेत.

१८. केबिनमधून खोलीत जायला वाट आहे. मग स्प्रिंगची बसवणी चालेल का?

चालेल, पण ती वाट दोन्ही बाजूंना पक्की जोडलेली असता कामा नये. मध्ये रबराचा किंवा ताडपत्रीच्या कापडाचा घडीचा भाता हवा. हाच नियम डिझेल भरण्याच्या नळीला, पाण्याच्या पाइपांना आणि तारांना लागू आहे: प्रत्येकाला थोडा झोळ द्यावा. केबिनची मागची भिंत आणि खोली यांत हात सहज जाईल एवढी मोकळीक ठेवावी.

१९. गाडी महापुराच्या पाण्यात उभी होती. चौकट वरून ठीक दिसते, तरी काढावी का?

२०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर हा प्रश्न नेहमी येतो. बंद पाइप असेल तर तळाला एक भोक पाडून पाहावे. आतून गढूळ पाणी किंवा गाळ आला तर चौकट उतरवावी, कारण गाळ ओलावा धरून ठेवतो आणि पाइप आतून पातळ होत जातो. उघड्या चॅनेलची चौकट बहुधा धुऊन, वाळवून वाचते. बुश, रबर आणि बोल्ट मात्र बदलावेत.

२०. ट्रक विकून दुसरा घेणार आहे. तीच सबफ्रेम आणि खोली त्यावर बसेल का?

चेसीची रुंदी जुळली म्हणून बसेल असे नाही. पक्के आधार आणि पिव्होट नव्या चेसीच्या क्रॉस मेंबरवरच यावे लागतात, पाट्यांचे कंस आणि डिझेल टाकी आड येता कामा नये, आणि आसांमधील अंतर बदलले की खोलीचे वजन पुढे-मागे सरकते, म्हणून प्रश्न १४ मधील तिन्ही वजने नव्याने करावी लागतात. सहसा लांब तुकडे वाचतात आणि आधारांच्या प्लेट नव्याने कराव्या लागतात. जुनी भोके वेल्डने बुजवून शेजारी नवीन पाडण्याची घाई करू नये; जुन्या भोकाच्या कडेपासून नव्या भोकाच्या कडेपर्यंत किमान बोल्टच्या जाडीच्या दुप्पट अंतर राहत नसेल, तर तो तुकडा बदलावा.